दाब, धर, सोड

गेल्या मे महिन्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावर माझ्या हातातला ब्रेक मेला. किनारा कुठला ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण दहा मिनिटांनी तोच ब्रेक पुन्हा जिवंत झाला आणि मी खोटी ठरले.

ओहोटीची वेळ होती, वाळू ओली आणि घट्ट. गाडीला चार फुगीर चाकं आणि मोटारसायकलसारखं हँडल. तिला कुणी एटीव्ही म्हणतं, कुणी क्वाड, किनाऱ्यावरची मुलं नुसतंच ‘बीच बाइक’. मागे बारा वर्षांचा भाचा मला घट्ट धरून बसला होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत समोर एक कुटुंब वाळूत चेंडू खेळत होतं. मी उजव्या हाताचा लिव्हर दाबला. मऊ पाव दाबावा तसा तो दबला आणि थेट मुठीला येऊन टेकला. गाडी आपल्या चालीने पुढे चालतच राहिली. डाव्या हाताशी दुसरा ब्रेक होता, पण त्या क्षणी तो आठवला नाही. मी हँडल वळवलं, गाडी वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत शिरली, रुतली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही. चेंडू खेळणाऱ्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

गाडीवाला पोरगा हातातलं गिऱ्हाईक आटपून सावकाश आला. लिव्हर दाबून म्हणाला, “ताई, ब्रेक तर कडक आहे.” मी दाबून पाहिला. खरंच कडक होता. भाच्यानेही दाबून पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पुढचे दोन दिवस मी त्याला काही समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

पण ते डोक्यातून जाईना. ब्रेक बिघडतो हे कळतं. बिघडलेला ब्रेक कुणीही हात न लावता दहा मिनिटांत दुरुस्त कसा होतो?

*

त्या प्रश्नाचं उत्तर मला नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी मिळालं. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यातल्या एका वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा बंद असतो, तेव्हा आसपासच्या गाड्या इथे ताडपत्रीखाली पडून असतात. गणपती गेले की त्या एकेक करून बाहेर निघतात, कारण दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची गर्दी उतरते आणि वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्या दोन-तीन आठवड्यांत व्हायचा असतो. मी गेले तेव्हा आठ गाड्या ओळीने उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची आणि वाहनांची पूजा. “पूजेच्या आधी ब्रेक झालेच पाहिजेत,” शेडचे मालक म्हणाले. “हार घातलेली गाडी मी उघडत नाय.”

त्यांचं वय पन्नाशीचं. तरुणपणी एसटीच्या डेपोत शिकाऊ म्हणून होते, मग ट्रक, मग रिक्षा आणि गेली काही वर्षं या चौचाकी. नाव छापू नका म्हणाले, कारण मी लिहिणार ते वाचून गाडीवाले भांडायला येतील. हाताखालचा भाचा त्यांना मामा म्हणतो, बाकीचे वस्ताद. मीही वस्तादच म्हणू लागले.

मी माझी मे महिन्यातली कहाणी सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. “ताई, गाडी चालवताना बोटं कुठे होती?”

मी हवेत हँडल धरून दाखवलं. या गाडीचा ॲक्सिलरेटर मोटारसायकलसारखा मुठीने पिळायचा नसतो. उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी पुढे दाबायची असते. आणि त्याच हाताच्या बोटांसमोर पुढच्या चाकांचा ब्रेक असतो. नवखा माणूस घाबरलेला असतो. अंगठा गाडी पळवत असतो आणि चार बोटं आधारासाठी लिव्हरवर टेकलेली असतात. टेकलेली म्हणजे थोडीशी दाबलेलीच.

“झालं तर मग,” वस्ताद म्हणाले. “तीन फेऱ्या तुम्ही ब्रेक लावूनच मारल्यात. ऑइल उकळलं असणार.”

*

त्यांचं ‘असणार’ मी इथे जपून ठेवते, कारण ती गाडी त्यांनी पाहिली नव्हती. पण उकळणं म्हणजे काय हे त्यांनी शेडमध्ये समजावलं, ते एवढं चोख होतं की नंतर पुस्तकं उघडून पाहिली तरी त्यात दुरुस्ती करायला जागा सापडली नाही.

हँडलवर लिव्हरपाशी एक छोटा डबा असतो, त्यात ब्रेक ऑइल. खाली मास्टर सिलिंडर, त्यात लहानसा पिस्टन. तिथून रबरी नळी चाकापर्यंत जाते. चाकाशी कॅलिपर, त्यात मोठा पिस्टन, आणि तो पॅडला डिस्कवर दाबतो. लिव्हरपासून पॅडपर्यंत कुठेही तार नाही, साखळी नाही, दांडा नाही. मध्ये आहे ते फक्त ऑइल. द्रव दाबून लहान होत नाही, या एका गुणावर सगळा कारभार.

ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकातच हे मांडलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात त्याने असं दाखवलं आहे की, पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडं असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असेल, तर लहान तोंडावर एकटा माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर जणांना तोलून धरतो. मोटारीच्या चाकापर्यंत हा विचार पोचायला मात्र अडीचशे वर्षं लागली. अमेरिकेत माल्कम लॉगहेड याने १९१७ साली द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. आडनावाचा उच्चार लोकांना जमेना म्हणून पुढे ‘लॉकहीड’ असं रूप रूढ झालं. विमानांमुळे ऐकलेलं लॉकहीड ते हेच घराणं. १९२१ साली ड्यूसेनबर्ग गाडीने असे ब्रेक लावून फ्रेंच ग्रां प्री जिंकली, आणि त्याच कंपनीने चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली मोटार बाजारात आणली.

वस्तादांच्या शेडमध्ये हिशेब मात्र खडूने फरशीवर झाला. समजा मुठीने लिव्हर १० किलोच्या जोराने ओढला. लिव्हर हा तरफेचा प्रकार, तो जोर सहापट करतो, म्हणजे लहान पिस्टनवर ६० किलो. लहान पिस्टनचा व्यास १२.७ मिलिमीटर, कॅलिपरमधल्याचा ३२, तर क्षेत्रफळात सव्वासहापटीहून किंचित जास्त फरक. म्हणजे पॅडवर पावणेचारशे किलोंच्या वर जोर. बोटांनी ओढलेल्या दहा किलोंतून एवढं निघतं. पण फुकट काही मिळत नाही. जोर वाढला तेवढं अंतर घटलं. लहान पिस्टन एक सेंटिमीटर सरकला तरी तो पुढे ढकलतो जेमतेम सव्वा मिलिलिटर ऑइल. पॅड डिस्कला भिडायला त्यातलं थोडंसंच लागतं.

आता त्या नळीत एक मिलिलिटर हवा आहे असं धरा, म्हणजे हरभऱ्याएवढ्या दोन-तीन बुडबुड्यांची. कडक ब्रेक मारताना आतला दाब चौरस सेंटिमीटरला ४७ किलोंच्या आसपास जातो. एवढ्या दाबाखाली ती हवा आक्रसून मूळ आकाराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी होते. म्हणजे तुमच्या सव्वा मिलिलिटरमधला जवळजवळ एक मिलिलिटर नुसता हवा चेपण्यात गेला. पॅडपर्यंत उरलं काय? “लिव्हर मुठीला टेकला आणि चाकाला खबरच नाय,” वस्ताद म्हणाले.

नर्स इंजेक्शन देण्याआधी सिरिंज उलटी धरून टिचकी मारते, हवा काढते. तिथे काळजी रक्ताची असते, इथे जोराची. इंग्रजीत या कामाला ब्लीडिंग म्हणतात, म्हणजे गाडीच्या अंगातून रक्त काढणं. आपल्या गॅरेजांत ‘ब्लीड मारणे’ हा शब्द आहे, पण जास्त ऐकू येतं ते साधं ‘हवा काढणे’. मला हे दुसरं जास्त नेमकं वाटतं. इंग्रजी शब्दात जे वाहून जातं त्याचं नाव आहे. मराठीत जे जायला हवं त्याचं आहे.

*

पण माझ्या गाडीत हवा आली कुठून? फेरी सुरू केली तेव्हा ब्रेक लागत होता आणि नंतरही लागला.

ब्रेक ऑइल नावाला ऑइल. खरं तर ते तेल नव्हेच, ते ग्लायकॉलच्या वर्गातलं रसायन असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. झाकणातून, रबरी नळीच्या भिंतीतूनसुद्धा थोडी थोडी ओल आत जात राहते. बाटलीवर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असं छापलेलं असतं. ती अमेरिकन सरकारी प्रमाणाची श्रेणी. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, डॉट ४ किमान २३० अंशांना. हीच ऑइलं ३.७ टक्के पाणी प्यायली की त्यांच्यासाठी किमान मर्यादा १४० आणि १५५ अंशांवर येते. म्हणजे पाऊणशे अंशांचा फरक पडू शकतो, तोही बाहेरून काही दिसत नसताना.

आता कोकणातले पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर आणा, जेव्हा कपाटातल्या चपलेला बुरशी येते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. त्या हवेत एक गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, डब्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचं ऑइल. मे महिन्यात तिच्यावर दोन माणसं बसतात, अंगठा पट्टी दाबतो, बोटं ब्रेक दाबून ठेवतात. पॅड घासत राहतात, कॅलिपर तापतो. कॅलिपरमधल्या ऑइलातलं पाणी वाफ होतं. वाफ म्हणजे हवेचीच बहीण, दाबली की दबते. लिव्हर मुठीला टेकतो. गाडी वाळूत रुतते, गाडीवाला येईपर्यंत दहा मिनिटं जातात, समुद्रावरचा वारा कॅलिपर थंड करतो. वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक कडक.

गुन्हा घडला आणि पुरावा स्वतःच विरघळून गेला. तो पोरगा खोटं बोलत नव्हता. मीही नव्हते.

*

वस्तादांनी मला एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसवलं आणि काम सुरू केलं. गाडी सपाट फरशीवर, हँडल अशा कोनात वळवलेलं की ऑइलचा डबा आडवा, समतल राहील. झाकण उघडण्याआधी भोवतीची वाळू ओल्या फडक्याने टिपली. ब्रशने झटकली नाही. “झटकलं की आतच जाते.” झाकण निघालं, त्याखालचं रबरी डायफ्रॅम निघालं. आतलं ऑइल टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं. ताजं ऑइल किंचित पिवळसर, पाण्यासारखं आरपार असतं. सिरिंजने जुनं उपसलं, नवं ओतलं. नवी बाटली माझ्यासमोर फोडली. फळीवर गेल्या वर्षीची अर्धी बाटली होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ती आता पुसायच्या कामाची. उघडी बाटली रोज पाणी पिते.”

मग खाली, कॅलिपरवरचं निपल. हा एवढासा, आतून पोकळ स्क्रू. टोक निमुळतं, ते आतल्या बसणीवर बसलं की वाट बंद, पाव फेरा ढिलं केलं की वाट खुली. समुद्रकाठच्या गाडीचं खरं दुखणं इथे असतं. खारं पाणी आणि हवा यांनी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये रुजून बसतो. पोकळ असल्यामुळे जोर केला की मोडतो, आणि मोडला की कॅलिपरच काढून न्यावा लागतो. वस्तादांनी आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं होतं. आता लहान हातोडीने डोक्यावर टकटक केलं, मग आठचा रिंग पाना लावला. पक्कड नाही, तोंडाचा पानाही नाही, कारण त्याने कडा गोल होतात. पाना हलेना. त्यांनी जोर वाढवला नाही. पुन्हा टकटक, पुन्हा तेल, मग दुसऱ्या गाडीच्या टाकीवर हात टेकून एक विडी. विडी संपल्यावर पाना हलला, एक बारीक ‘कट्’ आवाज आला. त्या आवाजावर त्यांच्या भाच्याने मान डोलावली, जशी मैफलीत समेवर डोलावतात.

निपलवर पारदर्शक नळी चढली, सलाईनची. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, तळाशी ओतलेल्या थोड्या ऑइलात बुडवलेलं, म्हणजे चुकून उलटं ओढलं गेलं तर हवा न येता ऑइलच येईल. भाचा लिव्हरवर, मामा पान्यावर.

“दाब.”

भाच्याने तीन-चारदा लिव्हर पंप करून दाबून धरला.

“धर.”

मामांनी निपल पाव फेरा उघडलं. लिव्हर भाच्याच्या बोटांखाली मुठीपर्यंत गेला, नळीतून काळपट ऑइल सळसळत आलं आणि त्यात बुडबुड्यांची माळ. तळाशी पोचून ते एकेक वर आले आणि फुटले. मामांनी निपल बंद केलं.

“सोड.”

आता लिव्हर मागे आला आणि डब्यातून ताजं ऑइल आत ओढलं गेलं. यातली सगळी गोम क्रमात आहे. निपल बंद होण्याआधी भाच्याने लिव्हर सोडला असता, तर बाहेरची हवा आत खेचली गेली असती. म्हणून ‘सोड’ हा शब्द मामांचाच. हुकूम पान्याकडून येतो, लिव्हरकडून नाही. पुढची वीस मिनिटं शेडमध्ये हे तीनच शब्द होते, एकसुरी, घाई न करता. पलीकडे वाडीत कुणीतरी नारळ उतरवत होतं, त्याचे धप्प आवाज मधूनमधून.

आणि मग मी चूक केली. नळीतलं ऑइल पिवळं होत आलं होतं, बुडबुडे विरळ झाले होते. मी भाच्याला विचारलं, शाळा कितवीपर्यंत झाली? तो माझ्याकडे वळून उत्तर देऊ लागला. हात चालूच होते, ‘दाब, धर, सोड’ चालूच होतं. फक्त डब्यात पाहायचं राहिलं. डबा केवढा, तर चहाच्या छोट्या कपाहून लहान. चार-पाच दाबांत तळ गाठतो. पुढच्या ‘दाब’ला लिव्हर सरळ मुठीला गेला. डब्याच्या तळाचं भोक उघडं पडलं होतं आणि वरून हवेचा घोट आत गेला होता. अर्धा तास पाण्यात.

भाचा ओशाळला. मी त्याहून जास्त. वस्ताद रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “ताई, लिव्हरवरच्या माणसाशी बोलायचं नाय.” डबा भरला आणि पहिल्यापासून सुरुवात.

*

दुसऱ्यांदा करताना त्यांनी मला हवा कुठे कुठे लपते ते दाखवलं. कामाचा मोठा भाग हाच आहे. हवा हलकी, ती नेहमी वर जाणार, त्यामुळे नळी जिथे वर चढून वळते तिथे ती बसून राहते. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बँजो बोल्ट असतो, तो या गाडीतला सगळ्यात उंच सांधा. खालून कितीही ऑइल काढा, तिथला बुडबुडा जागचा हलत नाही. त्यासाठी लिव्हर दाबून धरायचा, बोल्टभोवती फडकं गुंडाळायचं, बोल्ट किंचित ढिला करून लगेच आवळायचा. बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर जुने असतील तर बदलायचे, नाहीतर तिथूनच गळती. पुढच्या ब्रेकची नळी दोन चाकांत फाटते, त्या फाट्यावरही हवा अडते. म्हणून एका बाजूचं झालं की दुसरी, आणि मग पुन्हा पहिली. बहुतेक गाड्यांत लांबचं चाक आधी घेतात, पण गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर पुस्तक खरं.

शेवटी त्यांनी लिव्हर अगदी हलके, नखभर हलवला. डब्याच्या तळाच्या सुईएवढ्या भोकातून बारीक बुडबुडे वर आले, आधण येण्याआधी पातेल्याच्या तळातून सुटतात तसे. “हे शेवटचे चोर,” ते म्हणाले. जोरात दाबून ते निघत नाहीत, हळू हलवलं तरच निघतात.

एका गाडीवर त्यांनी गेल्या वर्षी तीन बाटल्या ऑइल घातलं होतं, तरी लिव्हर मऊच. दुसऱ्या दिवशी न्याहारी करताना लक्षात आलं की, आधीच्या कुणीतरी पॅड बदलताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्ही दिसायला सारखेच. फरक एवढाच की निपल वरच्या बाजूला असायचं ते खाली आलं होतं. खालून ऑइल निघत राहिलं आणि हवा वर छतात बसून राहिली. कॅलिपर जागच्या जागी लावले आणि काम दहा मिनिटांत झालं.

गाडीवाले काय काय करतात याची यादीही लांबलचक निघाली. ऑइल कमी झालं म्हणून इंजिन ऑइल ओतणं. त्याने आतली रबरी सील फुगतात आणि पिस्टन अडकतो. सांडलेलं ब्रेक ऑइल तसंच ठेवणं. ते रंग खातं, म्हणून लगेच पाण्याने धुवायचं. बाटलीत काढलेलं जुनं ऑइल गाळून पुन्हा वापरणं. जांभळ्या रंगाचं डॉट ५ यात मिसळणं. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांशी त्याचं जमत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी न धुणं. वाळू पॅड खाते, मीठ पिस्टन आणि कॅलिपरच्या सरकपिना खातं. मग पॅड मागे सरकत नाहीत, घासत राहतात, तापतात. पुढची गोष्ट मी आधीच सांगितली आहे.

*

या गाड्यांचा जन्म समुद्रकाठचा नाही. होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना हिवाळ्यात मोटारसायकली विकता येत नव्हत्या. त्या मंदीत काहीतरी विकायला हवं म्हणून ओसामू ताकेउची या अभियंत्याने फुगीर, कमी हवेच्या टायरांची तीन चाकी बनवली. ती १९७०मध्ये बाजारात आली. पुढे चार चाकी आल्या, वेग वाढला, अपघातही वाढले. १९८८ साली अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी तीन चाकींची विक्री थांबवली, आणि मोठ्या इंजिनाच्या एटीव्हीवर १६ वर्षांखालच्या मुलांनी बसू नये असं सांगण्याचं बंधन स्वीकारलं. बहुतेक गाड्या एकट्या चालवणाऱ्यासाठीच बनवलेल्या असतात, तशी सूचना टाकीवर किंवा मडगार्डवर चिकटवलेली असते. आपल्या किनाऱ्यावर ती उन्हाने उडालेली असते, आणि सीटवर आई, बाबा आणि मध्ये चिमुकली असे तिघं. मीही भाच्याला मागे बसवलंच होतं.

आपल्याकडे यातल्या बहुतेक गाड्यांना नंबरप्लेट नसते, कारण रस्त्यावर चालवण्यासाठी त्यांची नोंदणी होत नाही. एसटीला, टॅक्सीला, टेम्पोला ठरावीक मुदतीनंतर फिटनेस प्रमाणपत्र लागतं, कुणीतरी तिचा ब्रेक पाहतो, निदान पाहिला असं लिहितो. नंबरच नाही त्या गाडीला ती पायरीही नाही. हंगामात ती दिवसाला किती अनोळखी हातांखालून जाते, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाची ती आयुष्यातली पहिली फेरी असते. ब्रेक कसा लागायला हवा हे माहीत असलेला माणूस त्या सीटवर कधी बसतच नाही.

मी वस्तादांना विचारलं, मग तपासतं कोण? त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी डब्याच्या झाकणाशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर बॉलपेनने आजची तारीख लिहिली. आठही गाड्यांवर अशा पट्ट्या होत्या. काहींवर दोन तारखा, जुनी खोडून नवी.

*

अंधार पडला तेव्हा सात गाड्या झाल्या होत्या. आठवीचा लिव्हर कडक होता, पण वस्तादांचं समाधान होईना. मला फरक कळत नव्हता. त्यांनी लिव्हर दाबला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तसाच मुठीला बांधून टाकला. “रात्रभर राहू दे. सकाळी सोडला की उरलीसुरली हवा वर निघते. का निघते ते इंजिनिअरला विचारा, आम्ही निघते एवढं बघितलंय.” मग घाईने म्हणाले, “पण हे शेवटचं. आधीचं काम न करता नुसता बांधून ठेवला तर काही होत नाय.”

मी त्या रात्री अलिबागला राहिले आणि खंडेनवमीच्या सकाळी परत गेले. शेड धुतलेली, फरशीवर रांगोळी, पाने आणि हातोड्या पाटावर मांडून हळद-कुंकू लावलेल्या. आठव्या गाडीवरची रबरी पट्टी सोडली होती. वस्ताद मला म्हणाले, डोळे मिटा. हात धरून त्यांनी तो एका लिव्हरवर ठेवला. “दाबा.” दबला, थोडा मऊ, मग अडला. दुसऱ्यावर ठेवला. “दाबा.” हा सुरुवातीलाच अडला, बोटांना भिंत लागावी तसा, आणि धरून ठेवला तरी पुढे सरकला नाही. डोळे उघडले तेव्हा दुसरा होता आठव्या गाडीचा. पहिला होता वस्तादांच्या स्वतःच्या मोटारसायकलचा.

“तिच्याकडे वेळ नाय मिळाला,” ते जरा लाजून म्हणाले.

मग जाता जाता सांगून टाकलं, कुठल्याही किनाऱ्यावर गाडीवर बसाल तेव्हा आधी उभ्या गाडीचे दोन्ही ब्रेक असे दाबा, दाबून दहापर्यंत मोजा. लिव्हर खाली सरकत गेला तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. आणि चालवताना अंगठा चालू असेल तेव्हा बोटं मोकळी.

दिवाळीत माझा भाचा परत येणार आहे. त्याला हे सांगायचं आहे, आणि मे महिन्यातली माझी बाजूही.

आरतीनंतर भाचेबुवांनी आठही गाड्यांच्या हँडलना झेंडूचे हार घातले. वस्ताद शेवटून सुरुवात करून एकेका गाडीपाशी गेले. प्रत्येक हार त्यांनी लिव्हरच्या पुढून काढून मुठीच्या मागे सरकवला. एका गाडीवर एक फूल लिव्हर आणि मुठीच्या मध्ये अडकून राहिलं होतं. ते त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं, लिव्हर एकदा पूर्ण दाबून पाहिला आणि मग ते फूल गाडीच्या सीटवर ठेवलं.